एकदा वाचवलेलं कॉलेज पुन्हा वाचवू या

१९३४ साली ब्रिटिश सरकारने पुण्याचं डेक्कन कॉलेज बंद केलं. जिथे टिळक आणि आगरकर शिकले, जिथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत शिकवलं, त्या कॉलेजच्या दारांना कुलपं लागली. माजी विद्यार्थी हळहळून थांबले नाहीत. ते कोर्टात गेले, चिवटपणे लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच दगडी इमारतीत पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा सुरू झालं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे.

त्या माणसांनी हात टेकले असते तर काय झालं असतं, याचा विचार करा. १९३९ नंतर या आवारात हसमुख धीरजलाल सांकलिया आले आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घातला गेला. इरावती कर्वे आल्या आणि मराठी समाजाकडे शास्त्राच्या नजरेने पाहायला आपण शिकलो. त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक १९४६ साली इथूनच निघालं. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम इथेच हाती घेतलं. कुलपं तशीच राहिली असती तर हे सगळं या भिंतींत घडलं नसतं.

या वास्तूसाठी आणि तिच्या आत चालणाऱ्या कामासाठी आज पुन्हा आवाज उठवायची वेळ आली आहे, असं मला मनापासून वाटतं. कुणी बुलडोझर घेऊन दारात उभं नाही, हे आधीच सांगतो. धोका सावकाश येणारा आहे, म्हणून तो कुणाच्या बातमीत येत नाही. दीडशे वर्षांहून जुना दगड, पिवळे पडत जाणारे कागद, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाबद्दल समाजाची उदासीनता, असा हा तिहेरी धोका आहे.

यवतमाळचा काय संबंध?

यवतमाळात बसून पुण्याच्या कॉलेजची काळजी कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर आपल्या वणीतच आहे. लोकनायक बापूजी अणे, म्हणजे माधव श्रीहरी अणे, यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. त्यांचं कॉलेज नागपूरचं मॉरिस. डेक्कन कॉलेजचे ते विद्यार्थी नव्हते, पण त्या कॉलेजने घडवलेल्या लोकमान्यांचे ते आयुष्यभराचे अनुयायी. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडणारे बापूजी आपल्याला ठाऊक आहेत. संस्कृतचे पंडित असलेले बापूजी मात्र आपण विसरलो. याच माणसाने लोकमान्यांच्या जीवनावर ‘तिलकयशोर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य लिहिलं. १९६८ साली बापूजी गेले, आणि १९७३ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वणीच्या माणसाने संस्कृतात गायलेला नायक डेक्कन कॉलेजात घडला, आणि त्याच संस्कृतचा सर्वांत मोठा कोश आज त्याच कॉलेजात तयार होतो आहे. एवढा संबंध पुरेसा आहे.

आणखी एक संबंध अकोल्याचा. गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्यात. पैशाची चणचण सोबत घेऊनच ते वऱ्हाडातून पुण्याला गेले आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तिथे टिळकांशी गाठ पडली. देशासाठी काय करायचं, यावर या दोन तरुणांनी त्या आवारात जे खल केले, त्यांतूनच शिक्षणाच्या कामाला वाहून घ्यायचा निश्चय झाला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, पाठोपाठ केसरी आणि मराठा निघाले, आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. तेव्हा हे कॉलेज एकट्या पुण्याचं कधीच नव्हतं.

चालत चालत पाहू

ही वास्तू फोटोत पाहून कळत नाही, ती पायी पाहावी लागते. आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुलं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात, सदाशिव पेठेत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांच्यासाठी आधी एक सूचना. रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हणाल तर तो डेक्कन जिमखान्यावर नेऊन सोडेल. डेक्कन कॉलेज आहे ते नदीपलीकडे, येरवड्याला. तसंच सांगा.

भोवती येरवडा, विश्रांतवाडी, कल्याणीनगर असं पुणं वाढत गेलं आहे. रस्त्यावर कानठळ्या बसतात. फाटकातून आत गेलं, जुन्या झाडांखालून चालू लागलं, की आवाज मागे पडतो आणि समोर काळसर दगडाची दुमजली इमारत उभी राहते. टोकदार कमानींची रांग, त्यामागे लांब व्हरांडे, दोन्ही अंगांना पुढे आलेल्या बाजू आणि मान वर करून पाहावा असा मनोरा.

या इमारतीची पायाभरणी १८६४ सालची, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळातली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या घराण्याने एक लाख रुपये दिले, बाकीचा भार सरकारने उचलला. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. मुंबईचं जुनं सचिवालय आणि पुण्यातलं लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ज्यूंचं प्रार्थनामंदिर ही त्याचीच कामं. १८६८ साली कॉलेज इथे राहायला आलं. त्याआधी ते शहरात होतं, आणि त्याचं मूळ आणखी मागे, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत. त्या पाठशाळेला पैसा मिळाला तो दक्षिणा फंडातून. विद्वानांना दक्षिणा द्यायची दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी चालवलेली प्रथा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने शिक्षणाकडे वळवली. म्हणजे मराठेशाहीची दक्षिणा, पारशी दात्याचा लाख रुपया, इंग्रज अभियंत्याचा आराखडा आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर चाललेली इथल्या पाथरवटांची छिन्नी, असं चौघांचं मिळून हे काम आहे.

व्हरांड्यात आलात की भिंतीच्या अगदी जवळ जा. दगडावर नजर फिरवून झाली की दोन दगडांमधल्या सांध्याकडे पाहा. गवंडी त्याला दरज म्हणतात. जुन्या दगडी इमारतीचं आयुष्य दगडावर कमी आणि या दरजेवर जास्त अवलंबून असतं. आपला काळा दगड शेकडो पावसाळे सोसतो. जुन्या बांधकामात दरज चुन्याने भरलेली असते. चुना मऊ असतो, भिंतीत मुरलेला ओलावा तो हळूहळू बाहेर जाऊ देतो. ही दरज झिजली की ती पुन्हा चुन्यानेच भरायची असते. पण चुना भिजवायचा, मुरवायचा, मळायचा, त्याला वेळ लागतो आणि तो जाणणारा गवंडी लागतो. म्हणून जागोजागी ठेकेदार सिमेंटचा गिलावा मारून मोकळे होतात. सिमेंट कडक, ओलावा आत कोंडतो, आणि काही वर्षांत शेजारचा दगड पापुद्रे टाकू लागतो. दरजेत कावळ्याने टाकलेलं पिंपळाचं बी रुजलं आणि वेळीच कुणी उपटलं नाही, तर तेच मूळ पुढे घडीव दगड बाजूला सारतं. महाराष्ट्रातल्या किती वाड्यांची, शाळांची आणि कचेऱ्यांची अशी वाट लागली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. डेक्कन कॉलेजच्या वाट्याला ते येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

टिळकांची खोली इथे जपून ठेवलेली आहे, तिथे जरूर थांबा. बी. ए. होऊन ते १८७७ साली इथून बाहेर पडले. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांच्या आधीचे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे नंतरचे. हे सगळे याच कमानींखालून वर्गात जात. पुस्तकात वाचलेली नावं इथे एका जिन्यावर, एका व्हरांड्यात एकत्र येतात. वास्तू राखायची ती यासाठी.

एक चिठ्ठी आणि तीन हजार वर्षं

आता कोशाच्या खोलीकडे जाऊ. तिथे कपाटांचे खण ओळीने लावलेले आहेत आणि त्यांत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथांतून टिपून काढलेल्या या संदर्भांची संख्या कोटीच्या घरात जाते. एक चिठ्ठी म्हणजे एक शब्द, तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वाक्यात आला त्याची नोंद.

‘अग्नि’ हा साधा शब्द घ्या. ऋग्वेदात तो देव आहे. आयुर्वेदात तोच पोटातली पचनशक्ती आहे, आणि चित्रक या औषधी वनस्पतीचंही ते नाव आहे. गणिताच्या आणि ज्योतिषाच्या ग्रंथांत आकडे शब्दांत सांगायची रीत होती, तिथे ‘अग्नि’ म्हणजे तीन. एका शब्दाचा हा तीन हजार वर्षांचा प्रवास कुठून कुठे गेला, हे पुराव्यासह सांगणारा कोश इथे बनतो आहे. पहिला खंड प्रा. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली आला. आजवर पस्तीसच्या वर खंड झाले, आणि काम अजून ‘अ’ या अक्षरात आहे.

एवढा वेळ का, असं विचारणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश आठवावा. त्याची कल्पना १८५७ साली मांडली गेली आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं. मोठे कोश पिढ्या मागतात. इंग्लंडने त्या दिल्या. आपण आपल्या भाषांच्या जननीसाठी देणार की नाही, हा प्रश्न आहे. चिठ्ठ्या लिहिणारे हात केव्हाच गेले. ते अक्षर वाचणारी, त्या संदर्भातून अर्थ काढणारी माणसं एका दिवसात तयार होत नाहीत. ज्येष्ठ संपादकाजवळ बसून तरुणाने वर्षानुवर्षं शिकावं लागतं. मधली एक पिढी तुटली तर कपाटं राहतील, कागद राहतील, आणि त्यांचा अर्थ लावणारं कुणी राहणार नाही.

पुरातत्त्वाच्या दालनातही तोच धडा मिळतो. सांकलियांनी जोर्वे आणि नेवासे खणलं. पुढे इनामगावला बारा-तेरा हंगाम उत्खनन चाललं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्य, चुली उजेडात आल्या. आपल्या विदर्भाचं ऋण तर फार मोठं आहे. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, माहूरझरीच्या दगडी वर्तुळांखाली घोड्यांचे तांब्याचे अलंकार आणि मणी मिळाले. हे लोहयुगीन वैदर्भीय लोक कोण, याचा शोध नागपूर विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून पुढे नेला. शां. भा. देव यांनी नागपुरात हा अभ्यास उभा केला आणि पुढे ते डेक्कन कॉलेजचे संचालक झाले. आपल्या गावाबाहेरच्या टेकाडावरच्या खापरांचा अर्थ सांगणारी माणसं जिथे तयार होतात, ती जागा ही आहे.

शकुंतलेने शिकवलेला धडा

एखादी गोष्ट कशी जाते, हे यवतमाळला शिकवावं लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर एकेकाळी धावणारी आपली शकुंतला रेल्वे पाहा. ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट, कापसासाठी किलिक निक्सन कंपनीने घातलेली. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिने चालवलं. गाडी धावत होती तोवर ती कायमचीच आहे, असं आपण धरून चाललो. रूळ खराब होत गेले, वेग घटत गेला, आणि एक दिवस ती थांबली ती थांबलीच. त्यानंतर मोर्चे झाले, निवेदनं झाली, ‘शकुंतला वाचवा’ म्हणत लोक रस्त्यावर आले. तीच ताकद दहा-पंधरा वर्षं आधी लागली असती तर आज चित्र वेगळं असतं.

डेक्कन कॉलेजच्या बाबतीत आपल्याकडे ही दहा-पंधरा वर्षं अजून हातात आहेत. इमारत उभी आहे, काम चालू आहे, विद्यार्थी येत आहेत. वाचवायची वेळ हीच असते. आणि असं काम जमतं, याचा दाखलाही आपल्याच राज्यात आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातला राजाबाई टॉवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि एका मोठ्या कंपनीच्या अर्थसाहाय्याने दुरुस्त होऊन २०१५ साली पुन्हा लोकांसमोर आला. २०१८ साली मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात हे संकुल आहे. समाज मागे उभा राहिला, पैसा उभा राहिला, आणि काम जाणत्या हातांत गेलं, म्हणून ते झालं. येरवड्यालाही ते होऊ शकतं.

आपण काय करायचं

राज्य सरकारकडे पहिली मागणी अशी की, डेक्कन कॉलेजच्या ऐतिहासिक इमारतींसाठी स्वतंत्र आणि दरवर्षी न चुकता मिळणारा जतननिधी असावा. दुरुस्ती ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता जतनतज्ज्ञ वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार व्हावी. सिमेंटला मनाई असावी, आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांना त्यात काम मिळावं.

दुसरी मागणी माणसांची. कोशाच्या आणि पुरातत्त्वाच्या विभागात एकही पद रिकामं राहू नये. कंत्राटी तरुण चार महिने येतो आणि जातो, त्याने असं काम होत नाही.

तिसरी मागणी चिठ्ठ्यांची. प्रत्येक चिठ्ठीची सुवाच्य डिजिटल प्रत व्हावी, ती एकाहून अधिक ठिकाणी सुरक्षित असावी आणि जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला पाहता यावी. मूळ कागद तर जपायचेच.

या तीन मागण्यांचं पत्र आपल्या आमदारांना आणि खासदारांना लिहा. एका पानाचं, मराठीत, स्वतःच्या सहीचं. शंभर पत्रं आली की त्यांची फाइल होते, हजार आली की सभागृहात प्रश्न विचारला जातो.

शिक्षकांना विशेष विनंती. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड इथल्या शाळा-कॉलेजांच्या सहली पुण्याला जातातच. शनिवारवाड्याबरोबर एक अर्धा दिवस येरवड्याला द्या. परवानगी काढून मुलांना पुरातत्त्व संग्रहालय आणि मराठा इतिहास संग्रहालय दाखवा. कोशाची एक चिठ्ठी पाहता आली तर पाहू द्या. त्यातला एखादा जरी पुढे पुरातत्त्वाला किंवा संस्कृतला गेला, तरी सहल सार्थकी लागली.

बापूजी अण्यांच्या नावाने चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांनी ‘तिलकयशोर्णवः’ वर डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांसह एक परिसंवाद घ्यावा. वणीच्या ग्रंथातले शब्द त्या कोशाच्या अभ्यासकांनी हाताळावेत, याहून चांगली आदरांजली कोणती?

पुण्यात स्थायिक झालेल्या वैदर्भीयांनो, तुमच्यावर सगळ्यांत जास्त भिस्त आहे. तुम्ही जवळ आहात. रविवारी चालायला जाता ते एकदा या आवारात जा, मुलांना न्या, माजी विद्यार्थ्यांना भेटा, देणगी देता आली तर द्या. आणि कुठे भिंतीवर झाड उगवलेलं दिसलं, गळकं छप्पर दिसलं, तर तोंडी न बोलता संस्थेला लेखी कळवा.

१९३४ साली ज्यांनी हे कॉलेज सोडून दिलं नाही, त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, सरकार परकं होतं आणि निकाल काय लागेल याची खात्री नव्हती. तरीही ते लढले आणि जिंकले. आपल्याजवळ आपलं सरकार आहे, मत आहे, हातात लेखणी आहे. वाचकहो, हा लेख वाचून झाला की एक कागद घ्या आणि पहिलं पत्र आजच लिहा.